किती फूट बर्फ आहे?

गुलमर्गला स्कीइंगला जायचं ठरलं की आपण सगळे हाच एक प्रश्न विचारतो. चार दिवस तिथे राहून आणि मोजून सव्वीस वेळा आपटून आल्यावर माझ्या लक्षात आलं, बॉस, आपला प्रश्नच चुकतोय!

"पाच फूट बर्फ आहे मॅडम, बिनधास्त या!"

ट्रॅव्हल एजंटचं हे वाक्य ऐकलं आणि मी फोन ठेवायच्या आत मनाने गुलमर्गला पोचले. माझी उंची पाच फूट दोन इंच. म्हणजे बर्फात उभी राहिले तर फक्त लोकरी टोपीचा गोंडा वर दिसणार! माझ्या मावसभावाला, म्हणजे दादाला, लगेच मेसेज टाकला. दादा हिंजवडीत आयटीवाला. याआधी एकदा औलीला आणि एकदा गुलमर्गला जाऊन आलेला, त्यामुळे घरातल्या लग्नकार्यात 'आमचा स्कीइंगवाला' अशी त्याची ओळख करून देतात. त्याच्या मॅनेजरने महिनाभर तंगवून अखेर चार दिवसांची रजा सँक्शन केली होती. मी फ्रीलान्सर, त्यामुळे माझी रजा मीच सँक्शन केली. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. निघालो.

श्रीनगरहून टंगमर्ग, तिथे गाडीच्या चाकांना साखळ्या, मग देवदारांमधून वळणं घेत वर. रात्री बुखारीजवळ बसून गरम गरम नून चाय प्यायलो. दूध, मीठ आणि गुलाबी रंग असलेला चहा पहिल्या घोटाला विचित्र लागतो, तिसऱ्या कपापर्यंत सवय होते. झोपताना दादाने अलार्म लावला सहाचा. पुण्यात हा माणूस नऊशिवाय उठत नाही!

सकाळी शिकाऊ लोकांच्या उतारावर पोचलो. उन्हाळ्यात हे गोल्फचं मैदान असतं. मी मोठ्या हौसेने स्कीची काठी बर्फात खुपसली. ती गुडघ्याएवढीही आत गेली नाही, मध्येच खट्‌कन अडकली. वरचा थर असा टणक, जणू फ्रीजरच्या कप्प्यात महिनाभर साचलेला. पाच मिनिटांत पहिल्यांदा आपटले आणि कळलं, यावर पडणं म्हणजे फरशीवर पडणं.

दादाने तिथूनच एजंटला फोन लावला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "अहो साहेब, पाच फूट वर! अफरवतला!"

वर म्हणजे नक्की कुठे?

एजंट खोटं बोलला नव्हता. खरंही बोलला नव्हता. गुलमर्ग हे गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथून गंडोला, म्हणजे केबल कार, दोन टप्प्यांत वर जाते. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगडोरीपर्यंत नेतो. ही जागा ३,००० मीटरच्या थोडी वर. दुसरा टप्पा २००५ मध्ये आला, तो थेट अफरवतच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर सोडतो. म्हणजे एकाच रिसॉर्टच्या तळात आणि माथ्यात जवळपास तेराशे मीटरचा फरक. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. गुलमर्गच्या डोक्यावर सबंध तेवढी उंची ठेवा, की अफरवतचा खांदा येतो!

दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. तेराशे मीटरचा हिशेब केलात तर तळापेक्षा माथा आठ-नऊ अंशांनी थंड. गावात तापमान शून्याच्या वर एक-दोन अंश असेल तर खाली पाऊस किंवा पाणचट बर्फ आणि वर त्याच वेळी कोरडा, मऊ बर्फ पडतोय, असं सर्रास होतं. त्यामुळे 'गुलमर्गमध्ये इतका बर्फ' या वाक्याला तसा काही अर्थच नाही. पुण्यात इतका पाऊस म्हणताना आपण नाही का विचारत, शिवाजीनगरला की लोहगावला?

बर्फ, बर्फ आणि बर्फ

आमचे इन्स्ट्रक्टर पन्नाशीचे. सगळेच त्यांना चाचा म्हणत होते, आम्हीही म्हणायला लागलो. माझं आपटणं दुपारपर्यंत शांतपणे पाहिल्यावर ते म्हणाले, "बेटा, आपके यहाँ बर्फ को क्या कहते हैं?"

मी म्हटलं, "बर्फच!"

"और जो फ्रिज में होती है?"

"तोही बर्फच."

चाचा हसले. काश्मिरीत आकाशातून पडतो तो 'शीन'. मोसमाचा पहिला बर्फ पडला की लोक एकमेकांना 'नव शीन मुबारक' म्हणतात. आणि आपल्याकडे? गोळेवाल्याचा तो बर्फ, रसवंतीतला बर्फ, मासळी बाजारातल्या पेटीतलाही बर्फ. पावसाला मात्र आपल्याकडे वळीव, रिमझिम, भुरभुर, रिपरिप, मुसळधार असे किती शब्द! ज्याच्याबरोबर जगायचं त्याची नावं माणूस ठेवतोच.

मग मी चाचांकडून बर्फाचे प्रकार शिकले आणि लक्षात राहावेत म्हणून ते माझ्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. गार, वारा नसलेल्या हवेत पडलेला ताजा बर्फ म्हणजे पिठीसाखर. हाच तो जगप्रसिद्ध पावडर, ज्याच्यासाठी परदेशी मंडळी गुलमर्ग गाठतात. उन्हाने वरचा भाग वितळून रात्री गोठला की साईसारखा कडक पापुद्रा तयार होतो, स्की त्यात फसते आणि तुम्ही तोंडावर. मार्चमध्ये तेच चक्र रोज चाललं की दाणे मोठे, ओलसर होतात, अगदी भिजवलेला साबुदाणा. सकाळी दहा-अकराला त्यावर स्कीइंग करायला मजा येते, दुपारी त्याची खिचडी होते! आणि वाऱ्याने उडवून एका बाजूला नेऊन दाबलेला बर्फ म्हणजे ताटात थापलेली वडी. दिसायला गुळगुळीत, छान. पण वडीचं काय होतं? एका रेषेत कापली की अख्खा तुकडा सुटून येतो.

ही वडी लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

बर्फाची डायरी

दुसऱ्या दिवशी चाचांनी कोंगडोरीजवळ एका सुरक्षित कोपऱ्यात फावड्याने कमरेएवढा खड्डा खणला आणि त्याची एक भिंत सुरीने तासल्यासारखी सरळ केली. मला वाटलं, असतील पांढऱ्यावर पांढरे थर. पण निरखून पाहिलं तर पट्टे दिसले. आपण झाडाच्या खोडाची वर्तुळं मोजतो ना, तसं. मोसमातली प्रत्येक बर्फवृष्टी, कडक उन्हाचा प्रत्येक आठवडा, सोसाट्याच्या वाऱ्याची प्रत्येक रात्र तिथे नोंदवलेली होती.

"हाथ डालो," चाचा म्हणाले. या तपासणीची पद्धत जगभर एकच आहे आणि फारच सोपी. थरात मूठ सहज गेली तर तो अगदी मऊ. मूठ नाही, पण चार बोटं गेली तर जरा घट्ट. मग एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. आमच्या खड्ड्यात वर चार बोटं, मध्ये एक बोट, त्याखाली पेन्सिलचा कडक पट्टा. आणि तळाशी? तळाशी पुन्हा मूठ! हात आत घातला तर बर्फ ओंजळीतून साखरेसारखा भुरूभुरू ओघळला. गोळा करायला गेले तर होईना.

हे कसं होतं? मोसमाच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडतो आणि मग आकाश अनेक दिवस निरभ्र राहतं. बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास उबदार, वरची हवा उणे दहा-पंधरा. पातळ थरात तापमानाचा एवढा फरक पडला की खालची वाफ वर सरकत राहते आणि बर्फाचे कण हळूहळू टोकदार, सुटे दाणे बनतात. दाणेदार साखर. एकमेकांना धरून न राहणारी. पुढे त्यावर चार फूट बर्फ पडला तरी पाया साखरेचाच. वरून रिपोर्टमध्ये आकडा झकास दिसतो, आतली गोष्ट कोणी सांगत नाही.

काश्मीरमधला बहुतेक बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वेस्टर्न डिस्टर्बन्सेसमुळे पडतो. एकामागून एक त्या आल्या तर बर्फाचे थर नीट बसतात. लांब खंड पडला तर तळाशी साखर. २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना तिथे चिल्ला-ए-कलां म्हणतात, म्हणजे कडाक्याची थंडी, मोसमाचा खरा पाया. २०२४ चा जानेवारी जवळजवळ पूर्ण कोरडा गेला होता. गुलमर्गची पिवळट उघडी कुरणं तेव्हा आपण सगळ्यांनी फोनवर पाहिली. २०२५ मध्ये खेलो इंडिया विंटर गेम्सचा फेब्रुवारीतला गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला, तो मार्चमध्ये झाला. चाचांना त्या कोरड्या जानेवारीबद्दल विचारलं. ते एवढंच म्हणाले, "उस महीने घर में बैठे रहे. स्की को मोम लगाते रहे."

आणि मग पडला!

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून बर्फ सुरू झाला तो रात्रीपर्यंत. खिडकीतून समोरचा देवदार दिसेना. वारा तर असा, की हॉटेलच्या पत्र्यांचा तबला. दादा खोलीत नुसता येरझाऱ्या घालत होता. "अगं, उद्या आपला दिवस आहे! दीड फूट तरी ताजा पावडर!"

चौथ्या दिवशी सकाळी उठलो तर काय! आकाश निळंशार, ऊन लख्ख, झाडं चांदीची. रजेचा शेवटचा दिवस आणि निसर्गाने असा सेट लावून दिलेला. धावतपळत गंडोलाच्या रांगेत उभे राहिलो. पहिला टप्पा सुरू होता. दुसरा बंद.

दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "असं कसं बंद? इतकं सुंदर हवामान आहे!"

कोंगडोरीला उतरलो. खिलनमर्गच्या बाजूला दूर एका उतारावर दोन-तीन स्कीच्या ताज्या रेषा दिसत होत्या. दादाचे डोळे चमकले. "चाचा, वो देखो, लोग गए हैं. हम भी चलते हैं. आज डबल पैसे देता हूँ."

चाचा म्हणाले, "नहीं."

"ट्रॅक आहेत म्हणजे सेफच आहे ना?" दादा माझ्याकडे वळला. "तू सांग ना त्यांना!"

खरं सांगू? मलाही जावंसं वाटत होतं. मी शिकाऊ, मी काही तिथे स्की करणार नव्हते. पण फोटो? आणि लेखाला एवढा भारी शेवट?

चाचांनी वाद घातला नाही. कोंगडोरीच्या जरा बाजूला ते आम्हाला घेऊन गेले. अगदी सपाट जागा, आसपास कुठे चढ नाही, डोक्यावर उतार नाही. "यहाँ चलो," म्हणाले. आम्ही ताज्या बर्फात दहा-बारा पावलं टाकली असतील. अचानक पायाखालून 'व्हुम्फ' असा दबका, पोटात जाणवणारा आवाज आला, आणि आमच्यासकट सगळा बर्फ एक इंचभर खाली बसला. माझ्या बुटापासून एक बारीक तडा सरळ रेषेत सात-आठ फूट पळत गेला.

दोघंही गप्प. तळाची साखर ढासळली होती आणि वरची वडी बसली होती. इथे सपाट होतं म्हणून फक्त बसली. उतार असता तर सुटली असती.

वडी कशी सुटते?

मोठी हिमस्खलनं बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. आपल्या बिल्डिंगचा जिना साधारण तीस अंशांचा असतो, म्हणजे फार भयंकर उभा कडा लागतो असं नाही. उलट स्कीअरला ज्या उतारांवर सर्वात जास्त मजा येते तेच हे उतार! त्यात वारा. डोंगराच्या एका बाजूचा बर्फ उचलून तो पलीकडच्या आडोशाच्या उतारावर नेऊन थापतो. आकाशातून दीड फूट पडला तरी आडोशाला त्याच्या कित्येक पट साचू शकतो. आणि सर्वात धोक्याचा काळ कोणता? बर्फवृष्टी किंवा वादळ संपल्यानंतरचे पहिले २४ ते ४८ तास. म्हणजे नेमकं ते निळं आकाश, ज्याचा फोटो आपल्याला स्टेटसला टाकायचा असतो.

आधी कोणी गेलंय, हा तर पुरावाच नव्हे. पहिला माणूस जिथे थर जाड आहे तिथून गेला, दुसरा दोन मीटर बाजूला थर पातळ आहे तिथून. दुसऱ्याच्या वजनाने अख्खा उतार सुटू शकतो.

गुलमर्गला स्की पेट्रोल आहे. गंडोलाच्या आसपासचा ठराविक पट्टा ते तपासतात, धोका वाटला तर बंद ठेवतात. त्या पट्ट्याबाहेरचा डोंगर मात्र कोणी तपासलेला नसतो. तिथे जाणाऱ्यांपैकी काही परतले नाहीत. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गजवळ लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. बर्फातच प्रशिक्षण घेणारी माणसं होती ती. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतवर दोन पोलिश स्कीअर, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीअर. गाडला गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात. अर्धा तास झाला की आशा झपाट्याने कमी होते. म्हणजे वाचवणार कोण? बरोबरचेच. आणि त्यांच्याकडे ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं आणि ते वापरायचा सराव असेल तरच.

आमच्याकडे यातलं काय होतं? दादाचा ॲक्शन कॅमेरा.

डबल पैसे

तो दिवस आम्ही कोंगडोरीच्या तपासलेल्या उतारावर घालवला. पिठीसाखरेत मी पहिल्यांदा न पडता तीन वळणं घेतली आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या गुजराती फॅमिलीने टाळ्या वाजवल्या. दादाही तासाभराने खुलला. पण माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं.

आपण ऑफिसमध्ये 'नाही' कधी म्हणतो? क्लायंट डबल पैसे देतोय, डेडलाइन अशक्य आहे, आपल्याला माहितीये की हे कोसळणार, तरी आपण 'येस, वी कॅन' म्हणतो. चाचांचं वर्षाचं गणित जेमतेम तीन महिन्यांच्या बर्फावर चालतं. एक अख्खा जानेवारी त्यांनी घरी बसून काढलाय. त्या माणसाला त्या दिवशी डबल पैशांची गरज आमच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. तरी त्यांचं 'नहीं' एका शब्दात संपलं.

संध्याकाळी दादाने त्यांना ठरल्यापेक्षा जास्त पैसे द्यायचा प्रयत्न केला. त्यांनी ठरलेलेच मोजून घेतले, उरलेले परत दिले. "अगले साल आइए," म्हणाले. "पंद्रह दिन के लिए आइए. चार दिन में पहाड़ का मूड नहीं बदलता."

परतून आता महिना झालाय. परवा दादाचा फोन आला. पुढच्या मोसमासाठी त्याने आतापासूनच एजंटला गाठलं होतं. एजंटने नेहमीप्रमाणे सांगितलं, "टेन्शन घेऊ नका साहेब, दरवर्षी पाच-सहा फूट असतोच!"

"मग तू काय म्हणालास?"

"विचारलं, तळाला की माथ्याला? आणि खाली साखर आहे का?"

एजंटला वाटलं, साहेब चहाबद्दल बोलतायत.

बॅग भरण्याआधी हे विचारा

• बर्फाची खोली कुठे मोजली? गावात, कोंगडोरीला की अफरवतला?

• शेवटचा बर्फ कधी पडला? काल पडलेला एक फूट आणि तीन आठवड्यांपूर्वीचे चार फूट यांत शिकाऊ माणसाने एक फूट निवडावा.

• त्यानंतर हवा कशी होती? थंडी टिकली तर पावडर टिकतो, कडक ऊन पडलं तर सकाळी पापुद्रा मिळणार.

• वारा होता का? जोराच्या वाऱ्यात गंडोलाचा दुसरा टप्पा बंद राहू शकतो. शिवाय आडोशाच्या उतारांवर वडी थापली जाते.

• हिमस्खलनाचा इशारा कितव्या पातळीचा आहे? जगभर १ ते ५ अशी पातळी वापरतात. ३ म्हणजे 'मधला, चालेल' असं समजू नका. अनेक जीवघेणे अपघात याच पातळीला होतात.

• हातात दिवस किती? वादळाचा एक आणि डोंगर शांत व्हायचे दोन असे तीन दिवस हिशेबात धरूनच रजा मागा. मॅनेजरला काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा!